वहिनींना भरून दिलेली गाणी

वहिनींनी गाणी मागितली तेव्हा मी आधी चिडलो. राग मला चटकन येतो, त्यातून कोणी माझ्या गाण्यांचा विषय काढला की मग बघायलाच नको. आमच्या घरात तीस वर्षं त्या गाण्यांना 'ठणाणा' याखेरीज दुसरं नाव मिळालेलं नाही. त्यामुळे एका सकाळी वहिनी काचीगुड्याहून ऑटो करून तारनाक्याला माझ्या घरी आल्या, अर्धा कप चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमची ती ठणाण्याची गाणी मला भरून द्या," तेव्हा मला वाटलं, घ्या, आता पन्नाशी उलटल्यावर ह्यांनाही माझी थट्टा सुचली.

थट्टा नव्हती. त्यांनी पिशवीतून कानाच्या डॉक्टरचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यांचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलायची सवय करून घेतली होती. आता उजवाही चालला होता. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं म्हणे. डॉक्टरनं सांगितलं होतं की यंत्र लावून बोलणं काही काळ समजेल, पण गाणं समजण्याइतका कान फार तर वर्षभर राहील, कदाचित त्याहून कमीच. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, त्यांनी ह्यातलं निम्मंच सांगितलं होतं. तो घाबरट आहे, त्यामुळे बरोबरच केलं.

अशा वेळी मी कामाचं बोलायला लागतो. म्हटलं, भजनं भरून देतो, जुनी भावगीतं देतो, हल्ली सगळं फोनवर मिळतं. वहिनी म्हणाल्या की ती तर दादा रोज सकाळी लावतोच. त्यांना माझीच पाहिजे होती, त्या वेळची, कॅसेटवरची.

त्या वेळची म्हणजे कधीची, ते सांगायला हवं. दिल्लीच्या सरकारनं बाजार उघडला आणि हैदराबादेत गच्च्यागच्च्यांवर छत्र्या उगवल्या, एका घरातून दुसऱ्या घरात केबलच्या वायरी लोंबू लागल्या, तो काळ. वडील काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. दादा वीज खात्यात चिकटला होता आणि माझंही तसंच काहीतरी व्हावं अशी घरची इच्छा होती. आमचं घर रुळांच्या इतकं जवळ की गाडी गेली की फडताळातली भांडी वाजायची. गावाकडची जमीन चुलत्यांकडे, आम्ही पगारावर. मी विद्यापीठात शिकत होतो आणि तिथल्या हॉस्टेलमधल्या एका मित्रानं मला इंग्रजी हेवी मेटल गाण्यांची एक कॅसेट ऐकवली. त्या दिवसापासून मी कामातून गेलो, असं आई म्हणायची.

ती गाणी विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. मग मी भरून घ्यायचो. स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकान होतं, दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली की भरलं, एवढं. मालक म्हातारे, टोपीवाले, तोंडात कायम पान. आपण त्यांना कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, तिसऱ्या दिवशी भरलेली कॅसेट घेऊन जायची. माझी गाणी भरताना ते आवाज पूर्ण बंद करून ठेवायचे. म्हणायचे की ऐकलं तर पान उतरत नाही. पण त्यांची एक खोड होती. गाणी संपून कॅसेटच्या बाजूला चार-पाच मिनिटं उरली, तर ती कोरी सोडणं त्यांना सहन व्हायचं नाही. तिथं ते आपल्या पसंतीची कव्वाली भरून टाकायचे. कानठळ्या बसवणारं गिटार थांबलं की लगेच टाळ्या आणि पेटी. मी कितीदा भांडलो. ते शांतपणे म्हणायचे, "खाली टेप अच्छी नै लगती मियाँ, खाली घर के सरीकी." नक्को म्हटलं की हौ हौ म्हणायचे आणि पुढच्या कॅसेटला पुन्हा तेच.

त्याच सुमारास दादाचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. नांदेडकडच्या एका खेड्यातल्या, घरची शेती, सातवीपर्यंत शिकलेल्या. लहान गेजची गाडी रात्रभर खडखडत त्यांना घेऊन आली. आल्या तेव्हा फार कमी बोलायच्या. आई मला दटावायची की नवी सून घरात आहे, हा काय दंगा लावलाय. मलाही ते पटायचं. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या की मी लगेच आवाज कमी करायचो. किती समजूतदार दीर आहोत आपण, असं मला वाटायचं. खरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

असो. डॉक्टरचा कागद बघितल्यावर मी तीन दिवस बसून यादी केली. आणि केली ती माझ्या डोक्यानं. म्हटलं, वर्षभरच कान आहे तर नीट ऐकू देत, सुरुवातीपासून. म्हणून हे संगीत जन्मलं त्या काळापासून सुरुवात केली. आधी संथ, जड चालींचे पूर्वज, मग पुढच्या दशकातले चपळ, मग त्याहून वेगवान, मग घसा फाडणारे, मग माझ्या कॉलेजच्या काळातले. साठेक गाणी झाली. कंपनीनं मला वेळेआधीच घरी बसवलंय, त्यामुळे वेळेला तोटा नाही. मी प्रत्येक गाण्यापुढे ते यादीत का घेतलं हेसुद्धा लिहिलं. चांगला हेडफोन आणला आणि काचीगुड्याला गेलो. दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. मी वहिनींना स्वयंपाकघरात बसवून आधी व्याख्यान दिलं, मग गाणं लावलं.

पाच गाणी त्यांनी मुकाट्यानं ऐकली. मग हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या की ही बरी आहेत, पण ही त्यांची नाहीत. मी विचारलं, त्यांची म्हणजे कुठली? तर त्यांनी फडताळातल्या डब्याखालून कॅलेंडरचं एक जुनं पान काढलं. पाठीमागे त्यांच्या गोल गोल अक्षरात यादी. निळ्या कॅसेटची पहिली बाजू, दुसरी बाजू. पांढरीची पहिली बाजू. चट्टेरीपट्टेरी कॅसेटची दोन्ही. आणि त्याखाली गाणी, पण गाण्यांची नावं नाहीत, कारण ती त्यांना कधी माहीतच नव्हती. त्यांनी स्वतः ठेवलेली नावं होती. मळणीयंत्राचं. दोघांच्या भांडणाचं. रडू येतंय पण रडत नाही त्याचं. विहिरीतलं. आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी, इमानेइतबारे, कव्वाली.

मी ते पान दोनदा वाचलं. निळ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यापुढे लिहिलं होतं, 'इथं चावलं आहे.' आणि मला एकदम सगळं आठवलं.

झालं होतं असं. वहिनी येऊन सहा-सात महिने झाले असतील. माझ्या कॅसेट्सना कोणीतरी हात लावतंय हे माझ्या लक्षात यायला लागलं. मधे थांबवून ठेवलेली कॅसेट सुरुवातीला गुंडाळलेली सापडायची. मग एके दिवशी माझ्या सगळ्यात लाडक्या निळ्या कॅसेटची पट्टी टेपरेकॉर्डरनं चावली होती, आणि कोणीतरी पेन्सिल घालून ती हळूहळू परत आत घेतली होती. तिसऱ्या गाण्यात एका जागी गाणाऱ्याचा आवाज गिळल्यासारखा व्हायला लागला. त्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. मी ताटावरून उठून असा काही आरडाओरडा केला की शेजारचे दारात आले. मी सगळं दादावर ढकललं, कारण त्याला भजनांसाठी टेपरेकॉर्डर लागायचा. दादा बिचारा म्हणाला, माझ्याकडून झालं असेल. वहिनी भाकरी वाढत होत्या. त्या माझ्या ताटात भाकरी ठेवून आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी कपाटाला कुलूप लावलं, टेपरेकॉर्डर आणि कॅसेट्स आत, किल्ली माझ्या खिशात.

कॅलेंडरचं पान हातात धरून मी वहिनींना विचारलं की ती टेप त्यांनी चावली होती का. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यांनी नाही, मशीननं. पण लावली होती त्यांनीच.

दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले आणि आई झोपली की त्या लावायच्या. बेगम बाजारातून वर्षाचा मसाला आलेला असायचा, निवडायला, कांडायला काम पुष्कळ. कोणी उठू नये म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून कान टेपरेकॉर्डरला लावून बसायच्या. मी घरी असलो की मी लावलेल्या गाण्यांवर भागवायच्या, आणि मी नेमका त्या उंबऱ्याशी आल्या की आवाज कमी करायचो. ऐकायलाच त्या उंबऱ्याशी यायच्या. मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या कानशिलापर्यंत आग आली. एवढा शरमिंदा मी आयुष्यात क्वचित झालो असेन.

मी म्हटलं, मग बोलायचं होतं ना! त्यावर त्या जे बोलल्या ते मी तसंच लिहितो.

"काय बोलायचं होतं, भावजी? नवी सून, सासू दारात बसलेली, अन् मी म्हणायचं का, जरा तो ठणाणा मोठा करा?"

मग त्यांनी ती गाणी आवडण्याचं कारणही सांगितलं. त्यांच्या गावाकडं सुगीत मळणीयंत्र यायचं. ते चालू झालं की शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही, सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागायचं, बायकांनासुद्धा. त्या एक-दोन दिवसांत बायका ओरडून हसायच्या, ओरडून चेष्टा करायच्या, आणि कोणी हळू बोल म्हणून दटावायचं नाही. काचीगुड्याला येऊन पंधरा दिवस हळू बोलल्यावर माझी गाणी कानावर पडली, तर त्यांना ते यंत्र सुरू झाल्यासारखं वाटलं. आम्ही त्या गाण्यांवर किती पुस्तकी बडबड करायचो, हॉस्टेलवर रात्री जागवायचो. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

कुलूप लावल्यावर काय केलं, ते मी विचारलं नाही. पण पुढचं मला माहीत होतं, आणि ते कुलपापेक्षा वाईट होतं. दोन-तीन वर्षांत मला कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली. सरकारी नव्हे म्हणून वडील आठवडाभर बोलले नाहीत. पहिल्या वर्षातच मी सीडीचं यंत्र घेतलं आणि कॅसेट्सचं खोकं, अख्खंच्या अख्खं, ऑफिसातल्या एकाला देऊन टाकलं. घरात कोणाला विचारावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या कॅसेट्स, मी कोणालाही देईन. वहिनींनी मला एकदाच विचारलं होतं की खोकं दिसत नाही. मी म्हटलं होतं, सुटलात, गेली एकदाची पीडा. हे वाक्य मला त्या दिवशी स्वयंपाकघरात जसंच्या तसं आठवलं. मी त्यांना म्हटलं, वहिनी, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, तीस वर्षांनी काय ते घेऊन बसलात, आधी मळणीयंत्राचं शोधा.

मग आमचं काम सुरू झालं. रोज सकाळी अकराला मी काचीगुड्याला जायचो. माझी विद्वान यादी पुसून टाकली. वहिनी एकेका गाण्याचं वर्णन करायच्या, कधी बोटांनी ताटावर वाजवून दाखवायच्या आणि मी फोनवर ते शोधायचो. बरीच मला लगेच ओळखू आली, कारण वर्णन अचूक असायचं. दोघांच्या भांडणाचं म्हणजे दोन गिटारी एकमेकींना उत्तर देतात ते. ह्याहून चांगलं वर्णन मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. पण गाणं लावलं की त्या मान हलवायच्या. हे नाही. अहो, हेच आहे, मी सांगतोय ना! नाही. आमची चांगलीच जुंपायची. बाहेरून दादा ओरडायचा की तुम्ही भांडताय का गाणी ऐकताय.

शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "हे धुतलेलं हाय. मला मळकं पाहिजे."

मी गाण्याची माहिती उघडून बघितली, तर खरंच ती नव्यानं साफसूफ केलेली आवृत्ती होती. कंपन्या जुनी गाणी पुन्हा घासूनपुसून काढतात, ढोल पुढे आणतात, खरखर काढून टाकतात. मी वर्षानुवर्षं तीच ऐकत होतो आणि मला फरक कळला नव्हता. ह्या बाईला एकाच कानानं, तोही जाऊ घातलेला, पहिल्या अर्ध्या मिनिटात कळला. त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं आणि एकेक गाण्याच्या जुन्या, मळक्या प्रती हुडकायला लागलो.

विहिरीतलं गाणं मात्र काही केल्या सापडेना. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते फार संथ होतं, गाणारा विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा जाड आवाजात गायचा, आणि शेवटी शेवटी तर झोपच लागल्यासारखा थांबायचा. मला माहीत असलेली झाडून सगळी संथ गाणी मी लावून बघितली. चार दिवस गेले. मग चहा पिता पिता त्या सहज बोलून गेल्या की ते गाणं फक्त लाइट गेल्यावरच चांगलं लागायचं. मी कप खाली ठेवला.

लाइट गेल्यावर टेपरेकॉर्डर चालायचा सेलवर. आणि सेल कुठून? दादाच्या टॉर्चमधून. जुने, अर्धे संपलेले. त्यामुळे यंत्र हळू फिरायचं, आवाज जाड व्हायचा, आणि सेल पार बसले की गाणारा झोपी जायचा. त्या काळात दुपारी तासन्तास लाइट जायची, त्यामुळे वहिनींनी ते गाणं नेहमी असंच ऐकलं होतं. मुळात ते वेगवान गाणं होतं, आमच्या हॉस्टेलवर त्यावर पोरं नाचायची. मी फोनवर त्याचा वेग पाऊण केला आणि लावलं. वहिनींनी डोळे मिटले. बाहेरून दादा आत आला, त्यानं हकीगत ऐकली आणि म्हणाला, म्हणजे तेव्हा माझा टॉर्च दर आठवड्याला बंद पडायचा तो हिच्यामुळे! तीस वर्षं तो त्या सेलच्या कंपनीला शिव्या घालत आला होता. आम्ही तिघं इतके हसलो की वहिनींना ठसका लागला. ते गाणं यादीत पाऊण वेगानंच गेलं.

कव्वाल्यांवरून मी थोडा अडून बसलो. म्हटलं, माझ्या नावावरच्या यादीत पेटी आणि टाळ्या, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या की लोकांना कुठं ऐकायचंय, आणि त्याशिवाय बाजू संपल्यासारखी वाटत नाही. मालकांचं दुकान आता राहिलेलं नाही, तिथं फोनची कव्हरं मिळतात. वहिनींनी गुणगुणून दाखवल्या त्यावरून पाचातल्या चार कव्वाल्या मिळाल्या. पाचवीच्या जागी मी दुसरी एक घातली आणि ते त्यांना लगेच सांगितलं, कारण त्यांना कळणारच होतं.

तीन आठवड्यांनी यादी पूर्ण झाली. बाजू, क्रम, कव्वाल्या, सगळं कॅलेंडरच्या पानाप्रमाणे. त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. ऐकायला साडेतीन-चार तास लागणार होते, म्हणून घरून जेवूनच निघालो होतो. त्यांच्या उजव्या कानावर हेडफोन नीट बसवला आणि समोर बसलो. निळ्या कॅसेटचं पहिलं गाणं त्यांनी पूर्ण ऐकलं. दुसरंही ऐकलं. मग मधूनमधून पुढे न्यायला सांगितलं, मळणीयंत्राचं थोडं, विहिरीतलं थोडं, चट्टेरीपट्टेरीतलं शेवटचं. अर्ध्या तासात हेडफोन काढला, वायर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या की झालं.

माझा पारा चढला. तीन आठवडे माझं डोकं खाल्लं, मळकं काय, धुतलेलं काय, आणि आता अर्ध्या तासात झालं? मी तसं बोललोसुद्धा, जरा मोठ्यानंच. त्यांना ऐकू आलं.

"बरोबर हायत, भावजी. सगळी बरोबर हायत," त्या म्हणाल्या. "तेच बघायचं होतं. माझ्या डोक्यात रोज वाजतात ती खरीच हायत, का एवढ्या वर्षांत मीच मनानं काहीतरी केलंय. कान हाय तवर पडताळून घ्यायचं होतं. आता ही मला लागत नाहीत. ही कान गेल्यावर बी वाजतील. आता नवी आणा. मी न ऐकलेली. जेवढी पाठ होतील तेवढी घेऊन ठेवते."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. दादा दारात उभा होता. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा उरलेलं निम्मं ऐकलं. तो येऊन वहिनींच्या उजव्या बाजूला बसला आणि म्हणाला, आणा की नवी, मी बी ऐकतो.

नवी म्हणजे माझी पंचाईतच होती. गेली वीस वर्षं मी सगळ्यांना ऐकवत आलो होतो की खरं मेटल आमच्याबरोबर संपलं, आता नुसता बाजार आहे. ऐकलं होतं का काही? एक गाणं नाही. त्या दुपारी घरी येऊन मी बसलो आणि माझ्या कॅसेट्सपेक्षाही लहान वयाच्या पोरांची गाणी ऐकायला लागलो. पहिले दोन दिवस नुसता वैतागलो. तिसऱ्या दिवशी एक सापडलं आणि मी ते लागोपाठ सहा वेळा ऐकलं. म्हणजे मी वीस वर्षं गाढवासारखा बसून होतो.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. दिवसाला एकच गाणं. वहिनी ते दहा वेळा, बारा वेळा ऐकतात. मग हेडफोन काढून ठेवतात, डोळे मिटतात आणि शांत घरात ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांनी टेबलावर वाजवतात, ढोल, मधला थांबा, दुसरी गिटार कुठे शिरते, सगळं. मी हेडफोन माझ्या कानाला लावून गाणं तेव्हाच चालू करतो आणि त्यांची बोटं बघतो. दोघांचं एकदम संपलं की ते गाणं झालं, उद्या दुसरं.

काल एकतिसावं होतं. मधे त्या एका जागी चुकल्या, म्हणून पुन्हा लावलं. आवाजाची पट्टी आता अगदी टोकापर्यंत सरकवावी लागते. महिन्यापूर्वी निम्म्यावर भागायचं. दुसऱ्या खेपेला त्यांचं बरोबर आलं. मी उठलो, चप्पल घातली, तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, उद्या जरा लांब गाणं आणा.